धाकट्याच्या नावावरचे गोल

मला कुठल्याच क्लबने कधी काढलं नाही. सोळा वर्षांत सहा संघ झाले, पण 'उद्यापासून येऊ नको' असं तोंडावर कुणी म्हटलं नाही. सीझन संपला की किटबॅग घेऊन घरी यायचं आणि पुढच्या सीझनच्या फोनची वाट बघायची. तो यायचा नाही. आपण मॅनेजरला लावला तर तो म्हणायचा, "कळवतो भाऊ." या 'कळवतो'चा अर्थ मला तिसऱ्या क्लबच्या वेळी कळला, तरी सहाव्यापर्यंत मी फोन उशाशी घेऊन झोपायचो.

स्ट्रायकरचं काम तसं सोपं आहे. बाकीचे दहा जण नव्वद मिनिटं राबतात, आपण नेमक्या जागी उभं राहून दोन सेकंदांचं काम नीट करायचं. ते जमलं नाही तर दोष मात्र सगळा आपला. पहिला संघ कोल्हापुरातल्या एका तालमीचा होता; तिकडे तालमींचेच फुटबॉल संघ असतात. तिथे गोल मारला की चहावाला पैसे घेत नाही, आणि चुकवला की तोच चहावाला थेट आईपर्यंत पोहोचतो. पुढे मुंबईत एका ऑफिसच्या संघात गेलो. मग गोव्यात दोन सीझन काढले, त्यातला दीड बाकावर. कोलकात्यात चिखलात खेळायला शिकलो आणि उजवा गुडघा पहिल्यांदा गेला तोही तिथेच. परत गोवा, मग पुण्याची लीग. प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवशी नवी जर्सी हातात पडायची, आणि मला वाटायचं, आता इथून खरी सुरुवात. चौतिसाव्या वर्षीही असंच वाटलं होतं. कुणी शहाण्या माणसाने तेव्हाच कान उपटायला हवे होते.

लग्नाचंही याच पायी राहिलं. स्थळं यायची, मुलीचे वडील विचारायचे, "कुठं कामाला?" मी क्लबचं नाव सांगायचो. "आणि पुढच्या वर्षी?" या प्रश्नावर मी बिस्किटांची बशी पुढे सरकवायचो. ते चहा संपवून उठायचे.

पण या सगळ्याच्या आधीचं एक सांगितलं पाहिजे. आमचं गाव चाकणच्या जवळ. एमआयडीसीत आमची जमीन गेली तेव्हा एका कंपनीने कबूल केलं होतं की जमीन गेलेल्या प्रत्येक घरात एक नोकरी, तीही पर्मनंट. आमच्या घरची पाळी आली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि त्याच आठवड्यात कोल्हापूरचं बोलावणं आलं होतं. वडील ओट्यावर बसून म्हणाले, "नोकरी थोरल्याची." मी म्हटलं, "धाकट्याला द्या. मी चाललो खेळायला." वडील म्हणाले, "बरं." विषय पाच मिनिटांत संपला. धाकटा तिथेच अंगणात म्हशींसाठी पेंड भिजवत होता; त्यांचं सगळं तोच बघायचा. त्याने मान वर केली नाही. दुसऱ्या महिन्यात म्हशी विकल्या आणि तो कंपनीच्या बसमध्ये बसून फर्स्ट शिफ्टला जायला लागला.

तेव्हापासून मी मनात एक वाक्य जपून ठेवलं होतं: नोकरी माझी होती, मी ती भावाला दिली. बाकावर बसलेल्या माणसाला असं वाक्य फार उपयोगी पडतं.

पुण्याच्या क्लबचा फोन यायचा थांबला तेव्हा मी पस्तीस वर्षांचा होतो. वडील वारले होते. शेताच्या जागी गोदाम होतं. आईने मला एवढंच विचारलं, "आता हितंच ऱ्हाणार ना?" मी म्हटलं, "बघू." मग तळवड्याच्या एका छोट्या युनिटमध्ये ठेकेदारामार्फत कामाला लागलो. गाड्यांचे प्लॅस्टिकचे भाग मोल्डिंग मशीनमधून गरम बाहेर येतात, त्यांच्या कडेला राहिलेलं जास्तीचं प्लॅस्टिक कटरने काढायचं. बारा तास उभ्याने. टोपी आणि मास्क सक्तीचे, त्यामुळे सुपरवायझर माणसाला चेहऱ्यावरून ओळखायचाच नाही, मशीनच्या नंबरावरून ओळखायचा. मी चार नंबर होतो. चऱ्होलीतल्या एका नव्या शाळेने मुलांना फुटबॉल शिकवायला बोलावलं होतं. पण शिकवायला लागणं म्हणजे खेळणं संपलं हे कबूल करणं. मी त्यांना म्हटलं, "कळवतो."

गुडघा जिने चढताना दुखायचा, पाऊस नसतानाही दुखायचा. तरी सुट्टीच्या दिवशी मी बॉल घेऊन गोदामामागच्या मोकळ्या जागेत जायचो आणि भिंतीवर मारत बसायचो. आपण अजून शेवटची मॅच खेळलेलो नाही, असं मला पक्कं वाटायचं. कारण कुठली मॅच शेवटची होती हे खेळताना मला कुणी सांगितलंच नव्हतं.

अशात धाकट्याच्या कंपनीच्या संघाचा कॅप्टन आमच्या घरी आला. पेंट शॉपमधला, म्हणजे गाड्या रंगवायच्या खात्यातला गडी, पोट सुटलेलं, पण डोळ्यांत चमक. आकुर्डीला कंपन्या-कंपन्यांची स्पर्धा होणार होती आणि तिचा नियम असा की फक्त पर्मनंट कामगार खेळणार, गेटपास दाखवून. त्यांची कंपनी कित्येक वर्षांत पहिल्या फेरीच्या पुढे गेली नव्हती. कॅप्टनने आधी माझ्याकडे बघितलं, मग धाकट्याकडे, मग परत माझ्याकडे.

"राव, तुम्ही दोघं एकसारखेच दिसता की," तो म्हणाला. "फक्त मिशी नाही भाऊंना."

धाकट्याच्या गेटपासवरचा फोटो नोकरी लागली तेव्हाचा होता, नुकती फुटलेली मिशी आणि भांग पाडलेले केस. स्पर्धेला दोन महिने होते. धाकटा म्हणाला, "दादा, तुला खेळायचंय का?"

हा प्रश्न त्याने विचारायला नको होता. मी त्या दिवसापासून मिशी वाढवायला लागलो.

पकडलं गेलं असतं तर नोकरी त्याची जाणार होती, माझी नव्हे. माझी होतीच कुठे जायला? हे मला तेव्हा दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, आणि मी दुसरीकडे बघत होतो.

मॅचच्या दिवशी धाकट्याला कंपनीतून खेळाची अधिकृत सुट्टी मिळायची. तो आकुर्डी स्टेशनजवळच्या टपरीवर दिवसभर फोन बघत बसायचा, आणि मी तळवड्याला त्या दिवसाचा खाडा करून, त्याचा पास गळ्यात घालून ग्राउंडवर जायचो. पहिल्या मॅचला रेफ्रीने यादी वाचताना धाकट्याच्या नावाने हाक मारली तर मी मोजे सारखे करत राहिलो. कॅप्टनने कोपराने ढोसलं तेव्हा हात वर केला. धाकट्याबरोबर असेंब्ली लाईनवर काम करणाऱ्या सगळ्यांना खरं माहीत होतं. पण संघ जिंकत होता, म्हणून कुणी तोंड उघडलं नाही.

खोटं कशाला बोलू, ते तीन आठवडे फार बरे गेले. समोरच्या बचावफळीतले पोटं सुटलेले बॅक, खडबडीत ग्राउंड, बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले साहेब लोक. मी पूर्वीसारखा पळू शकत नव्हतो, पण बॉल कुठे पडणार हे अजून आधीच कळत होतं. पाच गोल झाले. पाचही धाकट्याच्या नावावर. कंपनीच्या नोटीस बोर्डवर त्याचं नाव लागलं, कँटीनमध्ये त्याला दोन गुलाबजाम जास्त मिळाले. तो घरी येऊन सांगायचा आणि आम्ही हसायचो. आई म्हणायची, "दोगंबी येडे हाईत."

फायनलमध्ये सहावा गोल झाला. बॉल जाळीत जाताना बघितला, आणि त्याच वेळी त्यांचा बॅक माझ्या उजव्या पायावर पडला. आत काहीतरी सुटल्याचं जाणवलं. कोलकात्यात जाणवलं होतं तसंच, फक्त या वेळी जास्त. मी उठायचा प्रयत्न केला आणि पाय खाली टेकवताच दुमडला.

कंपनीची ॲम्ब्युलन्स ग्राउंडवर उभीच होती. जखमी खेळाडूला कंपनीच्या ठरलेल्या हॉस्पिटलात न्यायचं, तपासण्या कंपनीच्या खर्चाने. फॉर्मवर धाकट्याचं नाव, धाकट्याचा कंपनीतला हजेरीचा तिकीट नंबर, धाकट्याचं वय. कॅप्टन स्ट्रेचरशेजारी चालत पुटपुटला, "भाऊ, आता काही बोलू नका." मी बोलायच्या अवस्थेत नव्हतोच. एमआरआय झाला. हॉस्पिटलच्या तरुण डॉक्टरने फिल्म उजेडाला धरली आणि सांगितलं की लिगामेंट जुनंच फाटलेलं होतं, आता पूर्ण गेलंय. चालता येईल, काम करता येईल, खेळता येणार नाही. त्याने रिपोर्टवर तसं लिहिलं आणि पंधरा दिवसांची सक्तीची रजा लिहून दिली. माझा खेळ संपला असं पहिल्यांदा कुठे कागदावर आलं, तर तो कागदही माझ्या नावाचा नव्हता.

खरी पंचाईत घरी आल्यावर कळली. धडधाकट भाऊ पंधरा दिवस पगारी रजेवर घरी बसणार, आणि ज्याचा पाय सुजून भोपळ्यासारखा झालाय त्याला सकाळी तळवड्याला बारा तास उभं राहायचंय. ठेकेदाराकडे रजा नावाचा प्रकारच नाही. तीन दिवस आला नाही की चार नंबरवर दुसरा माणूस. मी म्हटलं, बघू, पट्टा बांधून जातो. सकाळी उठलो तेव्हा माझा पास जागेवर नव्हता, माझी टोपी नव्हती, मोटारसायकलही नव्हती.

पंधरा दिवस तो चार नंबरवर उभा राहिला. मी घरात पाय उशीवर ठेवून पडलो आणि शेजारीपाजारी डोकावले की आई सांगायची, थोरला पडला जिन्यावरून. धाकट्याला बाहेर कुणी कंपनीतलं भेटलं की त्याला लंगडायला लागायचं. एकदा दुधाच्या दुकानासमोर तो डाव्या पायाने लंगडत होता. मी ओट्यावरून ओरडलो, "उजवा, उजवा." त्याने तिथेच पाय बदलला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो घरी आला आणि हात धुताना बराच वेळ नळाखाली धरून उभा राहिला. बोटांवर कटरचे बारीक काप होते. सोळा वर्षं तो एसी कँटीनमध्ये जेवलेला, बसने गेलेला-आलेला माणूस.

"दादा," तो म्हणाला, "तुझ्या तिथं पाणी प्यायला जायचं तरी इचारावं लागतंय."

"व्हय."

"मला कधी बोलला न्हाईस."

मी म्हटलं, "त्यात काय बोलायचं." तो जेवायला बसला. मी रजा संपल्यावर कामावर गेलो तेव्हा सुपरवायझर म्हणाला, "चार नंबर, मागचा पंधरवडा जोरात होता तुमचा. आता परत ढिले पडलात." मला हसू आलं आणि रागही आला. तिथेही धाकटाच चांगला निघाला होता.

रजा संपवून कंपनीत परत रुजू व्हायचं तर फिट सर्टिफिकेट लागतं. ते कंपनीच्या दवाखान्यातला म्हातारा डॉक्टर देतो. धाकटा गुडघ्याला पट्टा बांधून त्याच्यापुढे बसला. डॉक्टरने पट्टा काढला, गुडघा वाकवला, दाबला, फिरवला, मग समोरचा एमआरआय रिपोर्ट पुन्हा वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला. हे सगळं धाकट्याने मला नंतर सांगितलं.

"या रिपोर्टमधल्या गुडघ्याची आणि या गुडघ्याची कधी भेट झालेली नाही," डॉक्टर म्हणाला. धाकटा खाली बघत राहिला. "ज्याचा तो गुडघा आहे तो सध्या काय करतोय?"

"कामावर गेलाय, साहेब."

डॉक्टरने फिट लिहिलं. शिक्का मारला. मग म्हणाला, "या वर्षी मी काही बघितलं नाही. पुढच्या वर्षी मी स्वतः ग्राउंडवर येणार आहे, आणि जो उतरेल त्याचा गुडघा खेळायच्या आधी बघणार आहे. तुमची नोकरी किती वर्षांची?"

एवढं ऐकल्यावर कुठल्याही माणसाने मिशी काढून टाकली असती. मी काढली नाही. कॅप्टन पेढे घेऊन आला होता, कंपनीने कप पहिल्यांदा जिंकला होता, आणि तो म्हणाला, "भाऊ, पुढच्या वर्षी अर्धी मॅच तरी. डॉक्टरचं मी बघतो." मी म्हटलं, "वर्षभरात गुडघा भरून येईल. व्यायाम चालू आहे." धाकटा कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत होता. मला माहीत होतं की मी काय म्हणतोय. त्याची नोकरी, घरात येणारा एकमेव नक्की पगार, मी आणखी अर्ध्या मॅचसाठी डावावर लावत होतो. लाज वाटत होती. तरी 'नाही' हा शब्द तोंडातून निघत नव्हता. सोळा वर्षं मी ज्या फोनची वाट बघितली होती तो शेवटी आला होता, तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला होता, आणि त्याला नाही म्हणायचं मला कुणी शिकवलंच नव्हतं.

कंपनीचा वार्षिक कार्यक्रम एका रविवारी सकाळी होता, कामगार आणि घरच्यांसाठी. मांडव, पोहे, मुलांची चमचा-लिंबू. मी आईला घेऊन गेलो आणि मागच्या रांगेत टोकाच्या खुर्चीवर बसलो, कारण उजवा पाय सरळ ठेवायला लागायचा. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचं नाव पुकारलं. धाकट्याचं. तो उठला आणि बरोबर उजव्या पायाने लंगडत स्टेजवर गेला. प्लँटच्या मोठ्या साहेबांनी त्याला स्मृतिचिन्ह दिलं, हात मिळवला, आणि माइक पुढे केला. दोन शब्द बोला.

धाकटा आयुष्यात कधी माइकवर बोलला नव्हता. त्याने माइक फार जवळ धरला, आधी नुसता श्वासच ऐकू आला.

"साहेब लोकांना नमस्कार," तो म्हणाला. "माझा गुडघा आता खेळायच्या लायकीचा राहिला नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. लहानपणापासून खेळलो, लई ठिकाणी खेळलो, मन लावून खेळलो. घरच्यांनी खेळू दिलं. आता आजपासून मी खेळायचं थांबवतो. फायनलची मॅच ही माझी शेवटची मॅच होती."

एवढं बोलून त्याने माइक परत दिला. मोठे साहेब म्हणाले, अरे, असं काय. मग लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पुढे त्याच्या लाईनवरची माणसं दोन रांगा अडवून बसली होती. त्यातला एक जण खुर्चीत मागे वळला, मग दुसरा, मग दोन्ही रांगा. ते सगळे स्टेजकडे पाठ करून, माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. पेंट शॉपचा कॅप्टनही. मागे काय आहे हे बघायला दोन-चार साहेबांनी माना वळवल्या, त्यांना मांडवाच्या टोकाला एक मिशीवाला माणूस आणि त्याची आई एवढंच दिसलं असणार. आईने माझा हात धरला होता. मी रडलो, हे सांगून टाकतो. सोळा वर्षांत सहा क्लबांपैकी एकानेही हे माझ्यासाठी केलं नव्हतं.

राग मात्र वाटेत आला. आई कंपनीच्या बसने शेजारणींबरोबर गेली आणि मी धाकट्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो, उजवा पाय बाहेर काढून, स्मृतिचिन्ह मांडीवर. कंपनीच्या गेटपासून चौकापर्यंत ट्रक थांबलेले होते, आम्ही कडेकडेने चाललो होतो. मी त्याच्या कानाशी वाकून म्हटलं, "एवढ्या लोकांत बोलून टाकलंस. खेळ माझा होता. निदान मला विचारायचं तरी."

त्याने गाडी हळू केली. मागे वळून बघितलं नाही.

"दादा," तो म्हणाला, "म्हशी इकल्या तवा मला तरी कुणी इचारलं व्हतं?"

पुढच्या चौकात सिग्नल लाल होता. तिथे थांबल्यावर मी खिशातून फोन काढला आणि चऱ्होलीच्या शाळेचा नंबर शोधायला लागलो.